मेणाची डबी आणि एकशे बेचाळीस फोटो

आमच्या घरात आईचा एकही धड फोटो नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण याच घरात एक कॅमेरा आहे, तीन जुन्या लेन्स आहेत आणि कॉम्प्युटरात मुंग्यांच्या मिशांचे काही शे फोटो आहेत. आई गेली तेव्हा भिंतीवर लावायला फोटो हवा म्हणून शोधाशोध झाली. शेवटी आधार कार्डावरचा काढून मोठा करून घेतला. त्यात ती घाबरल्यासारखी दिसते. फ्रेम करून देणारा मला ओळखत होता. "सर, तुमच्याकडं नाही का एखादा चांगला?" असं त्यानं सहज विचारलं. मी नाही म्हणालो आणि फ्रेम कागदात गुंडाळून घरी आलो.

सर वगैरे काही नाही मी. लोहाऱ्यात शाळेच्या फाटकातून रोज आत जाणाऱ्या प्रत्येकाला सर म्हणतात. मी एका हायस्कुलात प्रयोगशाळा परिचर आहे. परीक्षानळ्या धुवायच्या, बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवायच्या, पोरांनी फोडलेल्या चंचुपात्रांची नोंद ठेवायची. एका वर्षी शाळेतलं जुनं सामान भंगारात निघालं. त्यात एक सूक्ष्मदर्शक होता. त्याची काच फुटली होती, पण बाजूचं चाक अजून लोण्यासारखं फिरत होतं. ते चाक फिरवलं की वरची पट्टी केसाएवढी खालीवर व्हायची. मी मुख्याध्यापकांना विचारून तो घरी आणला. बायको म्हणाली, "घरात भंगार कमी होतं का?"

त्याच सुमारास बसस्टँडजवळचा एक फोटो स्टुडिओ बंद पडला. मोबाईल आल्यावर तो तसाही रडतखडतच चालला होता. निगेटिव्हवरून मोठा फोटो करायचं जे यंत्र असायचं, त्याची छोटी लेन्स मालकानं मला देऊन टाकली. आत जरा बुरशी धरली होती. सोबत शूटिंगचे दोन जुने दिवेही दिले, मोठ्या बल्बचे, चालू केले की तोंड शेकून काढणारे. "घेऊन जा, माझ्या डोळ्यासमोर नकोत," म्हणाला. ती लेन्स मी कॅमेऱ्याला उलटी बसवली. मध्ये प्लास्टिकच्या पाइपाचा तुकडा, आतून काळा रंग दिलेला. सगळं धूड सूक्ष्मदर्शकाच्या पट्टीवर तोंड खाली करून बांधलं. आणि त्यातून पहिल्यांदा ज्वारीचा फुलोरा पाहिला तेव्हा खरंच सांगतो, मी दहा मिनिटं डोळा काढला नाही.

या नादाची एक अडचण आहे, ती समजल्याशिवाय पुढचं समजायचं नाही. वस्तूच्या जितकं जवळ जावं तितका फोटोतला स्पष्ट भाग पातळ होत जातो. भाकरीच्या पापुद्र्याहूनही पातळ. मुंगीचा डोळा स्पष्ट आला तर मिशा धुक्यात, मिशा आल्या तर डोळा धुक्यात. म्हणून एका फोटोवर भागत नाही. चाक केसभर फिरवायचं, एक फोटो. पुन्हा केसभर, पुन्हा एक. असे शंभरदीडशे काढायचे आणि कॉम्प्युटरला द्यायचे. तो प्रत्येक फोटोतला तेवढा स्पष्ट पापुद्रा उचलतो आणि सगळे एकावर एक रचून एक अखंड फोटो तयार करतो. तोवर ना कॅमेरा हलला पाहिजे, ना समोरची वस्तू. रस्त्यावरून काळीपिवळी जीप गेली तरी टेबल थरथरतं. मग थांबायचं.

सुरुवात मी नेहमी वरून करायचो, म्हणजे लेन्सला जो भाग सगळ्यात जवळ असेल तिथून. तिथून हळूहळू आत, खोल. किड्यांमुळे ती सवय लागली होती. किडा कधी उठून चालायला लागेल याचा नेम नाही, तेव्हा तोंड आधी घ्यावं, पाय मागून मिळाले तर मिळाले. या सवयीचा मला अभिमान होता. मोबाईलवर एकदोघांना शिकवलीही होती.

आबांना, म्हणजे वडिलांना, या सगळ्याची मजा वाटायची. त्यांची सगळी हयात मेंढरांमागं गेलेली. आता गुडघे धरले म्हणून चार शेळ्या तेवढ्या ठेवल्यात. एकदा त्यांच्याच शेळीच्या कानातली गोचीड काढून मी तिचा फोटो घेत बसलो होतो. आबा दारात उभे राहून बघत होते. बऱ्याच वेळानं म्हणाले, "लगीन हाय का तिचं?"

आई हसली. ती तांदूळ निवडत बसली होती. हसता हसता म्हणाली, "आरं, माजा बी काढ की एकांदा."

मी म्हणालो, "आई, ही लेन्स उलटी लावलीय. माणसांचा नाही निघत हिच्यानं. सुलटी दुसरी लावतो आणि काढतो नंतर."

खोटं नव्हतं ते. पण सुलटी लेन्स कपाटातच होती, उठून आणायला अर्धं मिनिट लागलं असतं. आईनं पुन्हा कधी म्हटलं नाही. मी गोचिडीचे नव्वद फोटो काढले. वर्षभरानं आई एका सकाळी अंघोळ, पूजा उरकून चुलीपुढं बसली आणि तिथंच कलंडली. दवाखान्यात नेईपर्यंत काही उरलं नव्हतं. सवाष्ण गेली, नशीबवान, असं बायका म्हणत होत्या. मी मात्र कपाट उघडून ती सुलटी लेन्स बघत उभा होतो. घरात माणसं भरलेली, आणि मी तिथं. भावकीतल्या एकानं मला हाताला धरून बाहेर आणलं.

आई कपाळाला टिकली कधी लावायची नाही. मेण आणि पिंजर, जुन्या पद्धतीनं. पितळेची लहानशी खोलगट डबी, तिच्यात मेण. करंगळीशेजारचं बोट मेणावर दाबून घोळवायचं, कपाळावर गोल फिरवायचं आणि त्यावर पिंजर, म्हणजे कोरडं कुंकू. वर्षानुवर्षं बोट लागून मेणाच्या मधोमध खळगा पडला होता. ती गेल्यावर तिची लुगडी वाटून टाकली, वहाणा कुणाला तरी दिल्या. डबी आबांनी कोनाड्यात ठेवली. रोज सकाळी अंघोळ झाली की ओल्या अंगानं ते कोनाड्यापुढं जायचे, पाठ आमच्याकडं, डबी उघडायचे, थोडा वेळ तसेच उभे राहायचे आणि झाकण लावून ठेवायचे. मला वाटायचं, बघतात. एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्यात मोतीबिंदू पिकत आलाय, तरी बघतात. आम्ही कुणी त्यावर बोलायचो नाही.

ती गेल्याला दीड वर्ष झालं असेल. कोनाड्यात कोळ्यानं जाळं धरलं होतं, ते पुसताना मी डबी हातात घेतली आणि झाकण उघडलं. खिशात शाळेचं भिंग होतं. सवयीनं लावलं डोळ्याला. खळग्याच्या तळाशी रेघा होत्या. बारीक, वळणाच्या, एकीत एक गुंतलेल्या. शेवटच्या सकाळी आईनं बोट दाबून उचललं होतं, त्याचा ठसा.

मी भिंग पुसून पुन्हा लावलं. कारण आईच्या बोटांना रेघा नाहीत असं आम्ही धरून चाललो होतो. रेशन दुकानात मशीन आल्यापासून तिचा अंगठा कधी उठायचा नाही. खुरपून, दळून, शेणात आणि राखेत हात घालून अंगठे गुळगुळीत झालेले. दुकानदार म्हणायचा, मावशी, पुसा अन् पुन्यांदा ठिवा. ती पदराला पुसायची, पुन्हा ठेवायची. चारपाच वेळा करून शेवटी आबांचा अंगठा लावायचा. बाहेर येऊन ती म्हणायची, "सरकारला म्या दिसतच न्हाय." आणि इथं या एका बोटाच्या रेघा शाबूत होत्या. त्या बोटाला कुंकू लावण्यापलीकडं फार काम नव्हतं, म्हणून राहिल्या असतील.

तेव्हाच ठरवलं की याचा फोटो काढायचा. आधार कार्डावरची घाबरलेली बाई नको. हा काढायचा, तळापर्यंत सगळ्या रेघा स्पष्ट, आणि मोठा करून भिंतीवर लावायचा. तिनं मागितलेला एक फोटो मी दिला नव्हता. त्याची भरपाई माझ्या हातून झालीच तर अशीच होणार होती. माझ्याकडं दुसरं काही नव्हतं तिचं. उलट्या लेन्सनं माणसांचा फोटो निघत नाही म्हणालो होतो, तर आता काढून दाखवतो, अशी काहीतरी वेडी जिद्द मनात बसली.

आबांना विचारलं. ते शेळ्यांना पाला टाकत होते. मी सगळं नीट सांगितलं, रेघा, लेन्स, मोठा फोटो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "र्‍हाऊ दे. तिला हात लावू नको."

"आबा, फक्त फोटो. डबीला काही होणार नाही."

"न्हाय म्हनलं न्हवं."

आबा मोठ्यानं बोलत नाहीत, पण त्यांचं न्हाय म्हणजे न्हाय. मी पाल्याची पेंढी उचलून दिली. आणि तेव्हापासून त्यांच्या गावाला जाण्याची वाट बघायला लागलो. पन्नाशीचा माणूस, बापाच्या चोरून कैऱ्या पाडायला निघाल्यासारखा दिवस मोजत होतो. लाज वाटायला हवी होती. तेव्हा वाटली नाही.

चैत्रात माकणीच्या आत्याकडं नातवाचं जावळ निघालं. आबा सकाळीच जीपनं गेले, संध्याकाळपर्यंत येणार नव्हते. बायको अंगणवाडीत. मला शाळेला सुट्टी. मी डबी कोनाड्यातून काढली. तिची कडी कोणत्या बाजूला होती ते लक्षात ठेवलं, परत तशीच ठेवता यावी म्हणून.

मी काही बिनडोकपणे उतरलो नव्हतो यात. एलईडी दिव्याखाली माझ्या फोटोंवर पट्टे यायचे, आमच्याकडच्या विजेचा भरवसा हा असला. स्टुडिओतले ते जुने दिवे मात्र एकसारखा उजेड द्यायचे आणि बाजूनं खाली धरले की बारीकसारीक उंचसखल उठून दिसायचं. ठशाला तोच उजेड पाहिजे होता. आता मेण आणि तापणारा दिवा, हे मलाही कळत होतं. विज्ञानाच्या प्रयोगशाळेत आयुष्य गेलंय. म्हणून आठ दिवस आधी खादीच्या दुकानातून मधमाशीच्या मेणाची वडी आणून ती त्याच दिव्यांपुढं, तेवढ्याच अंतरावर, अर्धा तास ठेवून पाहिली होती. काही झालं नाही. नखानं टोचलं तर तशीच कडक. वहीत तसं लिहूनही ठेवलं होतं.

मागची खोली पत्र्याची. पूर्वी तिथं कडबा असायचा. पंखा बंद, खिडकी बंद, कारण वाऱ्यानं कॅमेरा हलतो. दिवे दोन्ही बाजूंनी लावले. अंगातला सदरा काढून टाकला. डबी मातीच्या गोळ्यात बसवली. आणि सवयीप्रमाणं वरून सुरुवात केली, पितळेच्या काठापासून.

एक. चाक. थांब. दोन. चाक. थांब. बाहेर जीप आली की हॉर्न ऐकू यायचा, मग ती लांब जाईपर्यंत श्वास धरून बसायचं. कॅमेऱ्याच्या पडद्यावर फक्त तो एक पापुद्रा दिसत होता. मेणाच्या पृष्ठभागावरची बारीक छिद्रं, कुंकवाचा एक कण, डोंगराएवढा. त्याच्या वरचं आणि खालचं सगळं धुकं. मी एकेक पापुद्रा उतरत होतो आणि मला वाटत होतं की मी आईकडं चाललोय. असली वाक्यं मी एरवी कुणाच्या तोंडून ऐकली तर हसतो. पण तसं वाटत होतं खरं.

शंभर झाले. खळग्याच्या भिंती नीट आल्या होत्या. आता तळ येणार, रेघा येणार. एकशे दहा. पडद्यावर चमक वाढली. मला वाटलं, उजेड छान पडलाय. एकशे वीस. रेघा अजून नाहीत. तळ मी समजलो त्यापेक्षा खोल असेल म्हणून आणखी खाली गेलो. एकशे तीस. पडद्यावर काही येईनाच, नुसता पिवळसर उजेड. एकशे बेचाळीसला मी डोळा बाजूला काढला आणि डबीकडं साध्या डोळ्यांनी पाहिलं.

डबीत खळगा नव्हता. मेण वितळून सपाट झालं होतं, वर तेलासारखा तवंग, आणि त्यात दोन दिव्यांची दोन प्रतिबिंबं.

दिवे बंद करायचंही सुचलं नाही. तसाच बसून राहिलो. मग बंद केले. मग डबी उचलली, ती चटका बसण्याइतकी तापली होती, पितळ ते, आणि मी वडी ठेवून पाहिली होती लाकडाच्या फळीवर. हा मूर्खपणा तेव्हा कळला. दुसरा दुपारी कळायचा होता. पण सगळ्यात जास्त छळतं ते तिसरं. ठसा सुरुवातीला जागेवर होता. माझ्या पुढ्यात, चांगला, शाबूत. मी तळापासून वर आलो असतो तर पहिल्या वीस फोटोंत तो माझ्या हाताला लागला असता, मग मेण वितळलं असतं तरी. पण मी काठ काढत बसलो. ती समोर वितळत होती आणि मी पितळेचा काठ काढत होतो, एकेक केस, जीप जाण्याची वाट बघत. पडद्यावर धुकं दिसत होतं आणि धुक्यात काय चाललंय याची चिंता करायची नाही ही तर या कामाची रीतच आहे.

तरी ते सगळे फोटो कॉम्प्युटरला दिले. का दिले, माहीत नाही. त्यानं आपलं काम इमानदारीनं केलं. वरचा काठ असा आला की बोट कापेल. त्याखाली भिंती. त्याखाली ताकासारखं पांढुरकं, काहीच नाही. मी एकशे बेचाळीस फोटो पुसून टाकले, तो रचलेलाही पुसला.

दुपारी बायको आली. तिला सांगावंच लागलं, कारण मी जेवलो नव्हतो आणि माझ्या चेहऱ्यावरून तिला कळतंच. तिनं डबी हातात घेतली, वास घेतला.

"अहो, वितळणारच की हे. तेल असतंय ह्याच्यात. करडीचं."

"तेल कशाला?"

"तेल घातल्याशिवाय मेण कपाळाला लागतंय का? कडक दगडासारखं र्‍हातंय. आबा मोहोळाचं मेण आणायचे आन् सासूबाई तेल घालून कढवायच्या. मला शिकवलंय त्यांनी." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "कुण्या बी बाईला विचारलं असतं तरी सांगितलं असतं."

कुण्याही बाईला. घरात एक होती. मी तिलाही सांगितलं नव्हतं, ती आबांना सांगेल म्हणून. खादीच्या दुकानातल्या वडीवर प्रयोग केला, वहीत लिहिलं, आणि ज्या डबीत जन्मभर आईचं बोट जाताना पाहिलं तिच्यात काय आहे हे मला ठाऊक नव्हतं. आबा मेंढरं घेऊन डोंगराकडं जायचे, मोहोळ उतरवून मेण आणायचे, ते आई कढवायची, हे लहानपणी त्याच घरात चालायचं. मला त्यातला फक्त मध आठवतो.

"आबांना सांगा," ती म्हणाली. "ते येतील तवाच सांगा. लपवू नका."

मी हो म्हणालो. आणि ती आत गेल्यावर डबी माठाच्या तिवईवर ठेवली, गारव्याला. मेण अर्धवट धरत आलं तेव्हा त्यात माझं बोट दाबलं. करंगळी दाबली, कारण आईचं बोट बारीक होतं एवढं ठाऊक होतं. हलवून हलवून खळगा मोठा केला. पुन्हा दाबली. काठावर चिकटलेलं कुंकू नखानं काढून आत टाकलं. मग लांब धरून पाहिलं. आबांच्या डोळ्यांना चालून जाईल, असं मनाशी म्हणालो. हे लिहिताना माझा मलाच राग येतोय. वितळलं ते चुकून वितळलं, पण हे मी शुद्धीवर असताना केलं. कडी डावीकडं करून डबी कोनाड्यात ठेवून दिली.

आबा संध्याकाळी आले ते खुशीत. पोरगं जावळ काढताना कसं बोंबलत होतं, आत्यानं पुरणपोळीचं जेवण कसं घातलं, तिथल्या धरणाचं पाणी किती खाली गेलंय, सगळं सांगत बसले. पिशवीतून आमच्यासाठी पुरणपोळ्या काढल्या. बायको माझ्याकडं दोनदा बघून गेली. मी पोळी खाल्ली. उद्या सांगू म्हटलं. दमून आलेत.

सकाळी मी दात घासत अंगणात उभा होतो. आबांची अंघोळ झाली, ओल्या पंचानं ते आत गेले. दारातून ते पाठमोरे दिसत होते. डबी उघडली. या वेळी मी बाजूला सरकून उभा होतो म्हणून पहिल्यांदाच त्यांचे हात दिसले. ते बघत नव्हते. त्यांचे डोळे मिटलेले होते आणि उजव्या हाताचं बोट डबीत टेकवलेलं होतं.

दीड वर्ष मी समजत होतो की ते बघतात.

ते बोट तसंच ठेवून बराच वेळ उभे राहिले. रोजच्यापेक्षा जास्त. मग बोट काढलं, पुन्हा घातलं. मग डबी हातात घेऊनच बाहेर ओट्यावर आले आणि बसले. मी तोंडातला फेसही थुंकला नव्हता.

"आज बोट तळाला लागलं," ते म्हणाले.

मी फेस थुंकला.

"तुज्या मायचं बोट बारीक. माजं कवाच आत बसलं न्हाय. कडंलाच आडायचं. तेवढंच टेकवायचो." त्यांनी स्वतःचं बोट वर करून पाहिलं, ते जाड, मेंढरांची लोकर कातरून वाकडं झालेलं. "आज समदं आत गेलं."

मग मी सांगितलं. तोंड धुतलं आणि त्यांच्यापुढं खाली बसून सगळं सांगितलं. त्यांनी नाही म्हटल्यावरही डबी काढली ते, दिवे, मेण कसं वितळलं ते. करंगळी दाबली तेही सांगितलं. सांगताना मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. आबा शिव्या देतील असं वाटत होतं. द्याव्यात असं वाटत होतं. ते डबीचं झाकण लावत आणि काढत बसले होते, लावत आणि काढत. आतून बायको येऊन दारात थांबली आणि तशीच परत गेली.

माझं बोलून संपलं. शेळी ओरडायला लागली होती, तिला सोडायची वेळ झाली होती. आबांनी तिकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. राग असता तर मला तोंड देता आलं असतं. त्यांच्या चेहऱ्यावर जरा आशा होती, ती मला अजून सोसत नाही.

"फोटू तरी निघाला का मायचा?" त्यांनी विचारलं.

"नाही, आबा."

"एक बी?"

"एकही नाही."

त्यांनी मान हलवली. डबी माझ्या हातात दिली, गुडघ्यावर हात टेकून उठले आणि शेळ्या सोडायला गेले. दुसऱ्या दिवशी अंघोळ झाल्यावर ते कोनाड्याकडं गेले नाहीत.